कोणत्या सभागृहाचे आमदार?

परळीचं राजकारण बाहेरच्या माणसाला हमखास चक्रावून टाकतं. २००९ मध्ये पंकजा मुंडे परळीतून निवडून आल्या, आमदार झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे चुलतभाऊ धनंजय मुंडेही आमदार झाले. गाव एक, घराणं एक, तेव्हा पक्षही एकच. २०१९ ला धनंजय यांनी पंकजांना परळीतच तीस हजारांवर मतांनी पाडलं. जुलै २०२४ मध्ये पंकजा पुन्हा आमदार झाल्या, आणि या वेळी परळीच्या एकाही मतदाराला त्यासाठी केंद्रावर जावं लागलं नाही. त्याच डिसेंबरात दोघांनीही एकाच मंत्रिमंडळात शपथ घेतली.

कोडं सुटायला वेळ लागत नाही. २००९ नंतर ताई विधानसभेत होत्या आणि भाऊ विधान परिषदेत, आता नेमकं उलटं आहे. पण गाडीच्या काचेवर दोघांच्याही 'आमदार'च, चौकातल्या अभिनंदनाच्या फलकावरही 'आमदार'च. सरकारी कागदावर तेवढं नावापुढे वि.स.स. किंवा वि.प.स. असं लिहून येतं आणि ते फार कोणी वाचत नाही. वाचायला हवं, कारण एखाद्या नेत्याची कारकीर्द समजून घ्यायची तर तो कोणाच्या मतांवर तिथे बसलाय आणि त्याला घरी कोण बसवू शकतं, हे आधी कळावं लागतं. त्याचं उत्तर त्या दोन-तीन अक्षरांत असतं.

विधानसभेचं गणित सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्रात २८८ मतदारसंघ, प्रत्येकाचा एक आमदार, मुदत पाच वर्षं, उमेदवाराचं वय किमान २५. एकेका मतदारसंघात आज साधारण तीन लाखांहून जास्त मतदार असतात. त्यांना सांभाळणं म्हणजे लग्न, बारसं, दहावं, ट्रान्सफॉर्मर जळाला, कॅनॉलला पाणी सोडलं नाही, पोराचं अ‍ॅडमिशन अडलं, हे सगळं. सांगोल्याचे गणपतराव देशमुख हे त्याचं टोकाचं उदाहरण. शेतकरी कामगार पक्षाचे देशमुख १९६२ साली पहिल्यांदा निवडून आले आणि २०१४ पर्यंत त्याच मतदारसंघातून, त्याच पक्षाकडून ११ वेळा विधानसभेत गेले. मधे १९७२ आणि १९९५ ला सांगोल्याने त्यांना घरीही बसवलं. मला त्यांच्या ११ विजयांइतकेच हे दोन पराभव महत्त्वाचे वाटतात. इतक्या आदराच्या माणसालाही लोक पाडू शकत होते, आणि लोकांनी पाडलं म्हणून तो दुसऱ्या दाराने आत आला नाही. पुन्हा सांगोल्यातूनच उभा राहिला.

दुसरं दार म्हणजे विधान परिषद. 'मागचं दार' हा शब्द विरोधक वापरतात, आणि ज्यांचा नेता परिषदेवर गेलेला असतो ते 'वरिष्ठ सभागृह' म्हणतात. इथे ७८ जागा आणि आत जायच्या वाटा पाच. ३० जणांना विधानसभेचे आमदार निवडून देतात. २२ जणांना महापालिका, नगरपालिका, जिल्हा परिषदांचे सदस्य निवडतात. सात पदवीधरांचे, सात शिक्षकांचे आणि १२ राज्यपालनियुक्त. वय किमान ३०, मुदत सहा वर्षं, दर दोन वर्षांनी साधारण एक तृतीयांश सदस्य निवृत्त. हे सभागृह कधी बरखास्त होत नाही. विधानसभा मुदतीआधी विसर्जित झाली तरी परिषदेचे आमदार आपापल्या जागी शाबूत.

पगार, भत्ते, निवृत्तिवेतन दोघांना सारखंच. प्रश्न विचारणं, लक्षवेधी मांडणं, विधेयकावर बोलणं हेही सारखंच. फरक पडतो तो खऱ्या सत्तेत. मंत्रिमंडळ जबाबदार असतं विधानसभेला, त्यामुळे अविश्वासाचा ठराव तिथेच येतो आणि सरकार तिथेच पडतं. अर्थसंकल्पावर परिषदेत चर्चा होते, पण खात्यांच्या खर्चाच्या मागण्यांवर मतदान विधानसभेतच. धन विधेयक परिषद जास्तीत जास्त १४ दिवस ठेवू शकते. साधं विधेयक अडवून धरलं तर पहिल्या खेपेला तीन महिने, दुसऱ्या खेपेला एक महिना, मग ते परिषदेच्या संमतीवाचून मंजूर. संसदेसारखी दोन्ही सभागृहांची संयुक्त बैठक राज्यात नाहीच. राष्ट्रपतीच्या निवडणुकीत महाराष्ट्रातल्या विधानसभेच्या एका आमदाराच्या मताचं मूल्य १७५ धरतात, परिषदेच्या आमदाराला मतच नाही. राज्यसभेच्या निवडणुकीतही नाही. एवढं असून नाव 'वरिष्ठ'.

मग नेते तिथे धडपडून का जातात? मंत्रिपदासाठी दोन्हींपैकी कोणतंही सभागृह चालतं, हे त्याचं मुख्य कारण. कोणत्याही सभागृहात नसलेला माणूस सहा महिने मंत्री किंवा मुख्यमंत्री राहू शकतो, त्याच्या आत निवडून यावं लागतं. उद्धव ठाकरे यांनी २८ नोव्हेंबर २०१९ ला शपथ घेतली तेव्हा ते कुठल्याच सभागृहाचे सदस्य नव्हते. एप्रिलमध्ये होणारी परिषदेची निवडणूक करोनामुळे पुढे ढकलली गेली. मंत्रिमंडळाने त्यांना राज्यपालनियुक्त करण्याची शिफारस केली, ती राजभवनात पडून राहिली आणि मुख्यमंत्र्यांची खुर्ची कॅलेंडरवर लोंबकळू लागली. अखेर निवडणूक आयोगाने कार्यक्रम लावला, नऊ जागांना नऊच उमेदवार उरले आणि १४ मे २०२० ला ते बिनविरोध निवडून आले. सहा महिने संपायला तेव्हा दोन आठवडे उरले होते. त्यांच्याआधी पृथ्वीराज चव्हाणही दिल्लीहून येऊन मुख्यमंत्री झाले ते परिषदेतूनच.

दुसरं कारण म्हणजे पुनर्वसन. राजकारणात हा शब्द धरणग्रस्तांपेक्षा पराभूतांसाठी जास्त वापरला जातो. राम शिंदे कर्जत-जामखेडमधून २००९ आणि २०१४ ला विधानसभेवर गेले, मंत्री झाले. २०१९ ला रोहित पवारांकडून हरले. २०२२ मध्ये परिषदेवर आले. २०२४ ला परिषदेचे आमदार असतानाच पुन्हा कर्जत-जामखेड लढवलं आणि १,२४३ मतांनी हरले. परिषदेच्या आमदाराला विधानसभा लढवायची तर आधी राजीनामा द्यावा लागत नाही. जिंकला तर एक जागा सोडायची, हरला तर जुनी आहेच. त्यामुळे शिंदे यांचं काहीच गेलं नाही, उलट महिन्याभरात, १९ डिसेंबर २०२४ ला, ते विधान परिषदेचे सभापती झाले. (विधानसभेत त्या पदाला 'अध्यक्ष' म्हणतात. विधिमंडळाच्या बातमीत 'सभापती' वाचलं की परिषदेचं चाललंय असं समजावं.) ते पद त्याआधी अडीच वर्षं रिकामं होतं.

चंद्रशेखर बावनकुळे यांचा प्रवास याहून बोलका आहे. २०१९ ला मंत्री असतानाही कामठीतून त्यांचं तिकीट कापलं गेलं. २०२१ च्या अखेरीस नागपूरच्या स्थानिक स्वराज्य संस्था मतदारसंघातून ते परिषदेत आले, २०२२ ला भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले, २०२४ ला त्याच कामठीतून पुन्हा विधानसभेत गेले आणि महसूलमंत्री झाले. कारकिर्दीच्या मधल्या पडत्या काळात परिषद हा त्यांच्यासाठी एसटी स्टँडवरचा बाक होता: पुढची गाडी येईपर्यंत बसायला जागा आणि हातातली पिशवी ठेवायला ठिकाण.

विधानसभेच्या आमदाराला लाखो अनोळखी लोक पाडतात. परिषदेच्या ३० जागांवरच्या आमदाराला ओळखीची वीस-पंचवीस माणसं पाडतात. जुलै २०२४ मध्ये ११ जागांसाठी १२ उमेदवार होते आणि निवडून यायला पहिल्या पसंतीच्या सुमारे २३ मतांचा कोटा होता. मतदान गुप्त. राज्यसभेला आमदाराला आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवावी लागते, इथे नाही. त्यामुळे निवडणूक बिनविरोध झाली नाही की आमदार हॉटेलांत मुक्कामाला जातात आणि नेते आकडेमोडीच्या वह्या घेऊन बसतात. त्या वेळी पडले ते शेकापचे जयंत पाटील, म्हणजे गणपतरावांच्याच पक्षाचे, परिषदेत कित्येक वर्षं काढलेले. एका छोट्या पक्षाचे दोन ज्येष्ठ नेते: एकाचा हिशोब सांगोल्याच्या मतदाराशी, दुसऱ्याचा मित्रपक्षांनी शब्द पाळण्याशी.

२० जून २०२२ ची निवडणूक तर महाराष्ट्र विसरणार नाही. दहा जागा, अकरा उमेदवार. काँग्रेसने पहिल्या क्रमांकाचा उमेदवार म्हणून ठेवलेले चंद्रकांत हंडोरे पडले आणि भाजपचा पाचवा उमेदवार निवडून आला. मतं कोणाची फुटली याची चर्चा रंगेपर्यंत त्याच रात्री एकनाथ शिंदे आमदारांसह सुरतेच्या वाटेला लागले होते. नऊ दिवसांनी सरकार गेलं.

परिषदेचे सगळेच आमदार असे पक्षाच्या कृपेवर असतात असं मात्र नाही. पदवीधर आणि शिक्षक मतदारसंघ ही निराळी चीज आहे. मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, औरंगाबाद, अमरावती, नागपूर अशा सात जागा पदवीधरांच्या आणि तशाच सात शिक्षकांच्या. एकट्या नागपूर पदवीधर मतदारसंघात सहा जिल्हे येतात. २०११ च्या जनगणनेनुसार तिथली लोकसंख्या एक कोटीहून जास्त, आणि २०२० ला पदवीधर मतदार सुमारे दोन लाख. कारण पदवी हातात असून भागत नाही. ती मिळून तीन वर्षं झालेली हवीत, वर नमुना १८ भरून नाव नोंदवावं लागतं आणि ही यादी दर निवडणुकीला नव्याने होते. मागच्या खेपेला नाव होतं म्हणून या खेपेला असेलच असं नाही. विधानसभेच्या यादीत नाव आहे एवढ्यावर निर्धास्त राहिलेले डॉक्टर-वकील मतदानाच्या दिवशी हात हलवत परत येतात.

मतदान यंत्रावर नाही, कागदावर. केंद्रावर जांभळ्या शाईचा स्केच पेन देतात, तोच वापरायचा. पसंतीच्या उमेदवारासमोर १, मग हवं तर २, ३. 'एक' असं अक्षरात लिहिलं की मत बाद. बरोबरची खूण केली तरी बाद. शिकलेल्यांचा मतदारसंघ असूनही दर वेळी हजारो मतं अशी बाद होतात, यावर काय बोलणार! मग मोजणी. कोणी कोटा गाठला नाही तर तळाचा उमेदवार बाद करून त्याची मतं दुसऱ्या पसंतीप्रमाणे वाटायची, असं करत करत निकालाला दुसरा दिवस उजाडतो.

नितीन गडकरी १९८९ पासून २०१४ पर्यंत याच नागपूर पदवीधरमधून परिषदेवर होते. विधानसभेचे आमदार ते कधीच नव्हते. युती सरकारात मुंबईचे उड्डाणपूल आणि मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाचं काम हाती घेतलं ते बांधकाममंत्री परिषदेचे आमदार होते. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे हेही परिषदेचेच, १९६० ते १९७८ सभापती. मागेल त्याला काम देण्याची ती योजना पुढे देशभरच्या कायद्याची प्रेरणा ठरली. परिषद बंद करा म्हणणाऱ्यांना मी नेहमी पाग्यांचं नाव सांगतो. ते लगेच राज्यपालनियुक्त १२ जागांचं नाव काढतात आणि मला गप्प बसावं लागतं. साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा या क्षेत्रांतल्या माणसांसाठी त्या जागा आहेत. १९७८ ला ना. धों. महानोर त्याच वाटेने आले आणि सभागृहात शेती-पाण्यावर बोलले. अलीकडची कथा अशी: नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने १२ नावं पाठवली, राज्यपालांनी निर्णयच घेतला नाही, प्रकरण न्यायालयात गेलं. शेवटी ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेची आचारसंहिता लागायच्या तोंडावर, सात नेमणुका झाल्या. त्या सातांत माजी आमदारही होते आणि पक्षाचे पदाधिकारीही. कवी एकही नव्हता.

स्थानिक स्वराज्य संस्थांच्या २२ जागांचं दुखणं वेगळं. नगरसेवक आणि झेडपी सदस्य हेच तिथले मतदार. २०२२ पासून महापालिका आणि जिल्हा परिषदांच्या निवडणुका रखडत गेल्या, मतदारच उरले नाहीत, आणि त्या जागा मुदत संपेल तशा एकेक करून रिकाम्या पडल्या.

गोव्याच्या वाचकाला हा सगळा खटाटोप परका वाटेल. तिथे ४० जणांची विधानसभा आहे, परिषद नाही. देशात परिषद आज सहाच राज्यांत उरली आहे. शेजारच्या कर्नाटक आणि तेलंगणात आहे, गुजरात आणि मध्य प्रदेशात नाही.

दोन्ही दारं एकत्र पाहायची तर अमरावती बघा. सुलभा खोडके तिथल्या विधानसभेच्या आमदार, लोकांनी निवडून दिलेल्या. त्यांचे पती संजय खोडके मार्च २०२५ मध्ये परिषदेचे आमदार झाले. परिषदेचे काही आमदार विधानसभेत निवडून गेल्याने रिकाम्या झालेल्या पाच जागांची ती पोटनिवडणूक होती आणि पाचही उमेदवार बिनविरोध आले. त्यांतच आर्वीचे दादाराव केचे होते, विधानसभेत चार महिन्यांपूर्वी ज्यांचं तिकीट कापलं गेलं होतं ते. पोटनिवडणुकीत आलेल्याला पूर्ण सहा वर्षं मिळत नाहीत, आधीच्या सदस्याची उरलेलीच मुदत मिळते. केचे ज्यांच्या जागी आले ते २०२० ला निवडून आलेले होते, खोडके ज्यांच्या जागी आले ते २०२४ ला. म्हणून एकाच दिवशी आमदार झालेल्या या दोघांपैकी केचेंच्या वाट्याला चौदा महिन्यांच्या आसपास आमदारकी आली आणि खोडकेंच्या वाट्याला पाच वर्षांहून जास्त.