नायटा माणसाकडून येतो, म्युकर येत नाही

ज्या घरानं 2021 मध्ये म्युकर, म्हणजे तेव्हा गाजलेली 'काळी बुरशी', झालेल्या माणसाचं ताट-पेला वेगळं काढलं, त्याच घरात नायटा, हाही बुरशीचाच रोग, झालेल्या पोराचा पंचा आजही चौघांच्या अंगावरून फिरतो. इतका उलटा कारभार मी दुसऱ्या कुठल्या आजारात पाहिला नाही. तालुक्याच्या लॅबमध्ये स्लाइडी बघणं हे माझं काम, त्यामुळे हा गोंधळ दोन्ही बाजूंनी माझ्या टेबलावर येतो. जांघेत खाज असलेला विचारतो, "हे काळ्या बुरशीतलं तर न्हाई ना?" आणि म्युकरमधून वाचलेल्या सासऱ्याची सून आवाज खाली करून विचारते, "मामांच्या जवळ लेकराला निजवलं तर चालतंय का?" तिच्या कडेवरच्या लेकराच्या मानेवर नायट्याचा गोल चट्टा असतो. त्याबद्दल ती काही विचारत नाही.

नायटा कसा दिसतो हे मराठवाड्यात कुणाला शिकवायला नको. गोल चट्टा, कडेला लालसर उंचवटा, मधली कातडी साफ होत गेलेली, घाम आला की जीव खाणारी खाज. पुढे जाऊ.

म्युकर मात्र बहुतेकांनी फक्त टीव्हीवर पाहिला. गालाची एक बाजू दुखते किंवा बधिर होते, नाकातून काळपट-रक्ताळ पाणी येतं, डोळा सुजतो, एकाचं दोन दिसतं, टाळूवर काळा डाग पडतो, चांगले भक्कम दात हलायला लागतात. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून त्या बंद करते, पुढच्या भागाला रक्त मिळत नाही आणि तो मरतो. काळं दिसतं ते हे मेलेलं मांस. मलमानं इथं काही होत नाही. सडलेला भाग ऑपरेशन करून काढावा लागतो आणि शिरेतून अॅम्फोटेरिसिन बी द्यावं लागतं. जून 2021 अखेरपर्यंत देशात 40 हजारांवर रुग्ण नोंदले गेले, 3 हजारांहून जास्त माणसं गेली, आणि रुग्णांच्या आकड्यात महाराष्ट्र व गुजरात पुढे होते.

रंगांचा विषय मी इथंच संपवतो. त्या मे महिन्यात चॅनेलवाल्यांनी काळीनंतर पांढरी, पांढरीनंतर पिवळी अशी रोज एक बुरशी काढली. व्हॉट्सअॅपवर कांद्याच्या सालीवरची काळी पूड म्हणजे म्युकर, फ्रिजच्या रबरावरचा काळा थर म्हणजे म्युकर असं फिरत होतं. कांद्यावरची ती पूड अॅस्परजिलस नायजर नावाच्या वेगळ्याच बुरशीची. बुरशीचा रंग सांगून आजार विचारणाऱ्याला मी उत्तर देणं सोडलं आहे.

माणसं अडखळतात ते एकाच ठिकाणी: बुरशी अंगापर्यंत पोहोचते कशी. औषधं वेगळी, जागा वेगळी, घाई वेगळी, हे सगळं डॉक्टर बघतील. पण पंचा वेगळा करायचा की माणूस वेगळा करायचा, हे घरच्यांना ठरवावं लागतं, आणि तिथं उलटं ठरवलं जातं.

नायट्याची बुरशी केराटिन नावाच्या प्रथिनावर जगते. कातडीचा सगळ्यात वरचा मेलेला थर, केस आणि नखं, एवढंच तिचं रान. आत जिवंत मांसात ती सहसा उतरत नाही, म्हणून नायट्यानं कुणी मरत नाही. पण वरच राहत असल्यामुळेच ती पसरते. तिचे तंतू त्या वरच्या थरात वाढतात आणि मग त्यांचे तुकडे पडून टणक बीजाणू, म्हणजे बुरशीचं बी, होतात. स्लाइडवर हे अगदी स्पष्ट दिसतं. चट्ट्याच्या कडेची खपली खरवडायची, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकायचा, कातडीच्या पेशी विरघळून काच साफ झाली की बारीक, आडवे पडदे असलेले तंतू आरपार गेलेले दिसतात, आणि काही तंतू जागोजाग तुटून चौकोनी कणांची रांग झालेले असतात. तो प्रत्येक कण नवा नायटा लावू शकतो. खाजवलं की अशा कणांनी भरलेली खपली नखात, चादरीवर, पंचावर, चड्डीच्या इलॅस्टिकमध्ये आणि करदोड्यात जाऊन बसते. तिथं ती महिनोन् महिने जिवंत राहू शकते. दुसऱ्याच्या घामेजल्या कातडीला लागली की साधारण आठवड्या-दोन आठवड्यांत नवा चट्टा उठतो.

म्हणजे नायटा माणसाकडून माणसाला होतो, कपड्यांतून होतो, आणि गोठ्यातल्या वासराच्या डोळ्याभोवती राखाडी खरबरीत चट्टे असतील तर तिथूनही होतो.

आता म्युकर. ही रायझोपस आणि तिच्या भाऊबंदांची बुरशी मातीत, उकिरड्यावर, शेणखतात, भिजलेल्या कडब्यात, शिळ्या भाकरीवर सगळीकडे असते. सोयाबीनचं भुसकट उपसताना जी धूळ उडते तिच्यातून तिचे बीजाणू तुमच्या-माझ्या नाकात जातात. उद्याही जातील. धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशी ते तिथंच संपवतात. बी सगळ्या शिवारात पडलेलं असतं, उगवायला वाफसा लागतो. म्युकरचा वाफसा म्हणजे बेसुमार वाढलेली साखर, जास्त दिवस घेतलेलं स्टेरॉइड, किंवा कॅन्सरच्या औषधांनी खाली गेलेल्या पांढऱ्या पेशी. साखर फार चढून रक्त आम्लधर्मी झालं की प्रथिनांनी धरून ठेवलेलं लोह सुटं होतं, आणि या बुरशीला लोह फार मानवतं. भारतात म्युकरचं प्रमाण जगाच्या सरासरीच्या सुमारे 70 पट असल्याचा अंदाज संशोधकांनी कोविडच्या आधीच मांडला होता. मधुमेह हे त्याचं मोठं कारण. काही जणांना आपल्याला मधुमेह आहे हेच मुळी म्युकर झाल्यावर कळतं.

मग रुग्णाच्या नाकातून ती शेजारच्याला का होत नाही? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर फारसं कुणी देत नाही, नुसतं "संसर्गजन्य नाही" म्हणून मोकळे होतात. उत्तर असं की हवेत उडणारे बीजाणू ही बुरशी उघड्यावर वाढताना तयार करते. भाकरीवर जी काळपट लव दिसते, तिच्या टोकांना बीजाणूंच्या पिशव्या असतात. माणसाच्या मांसात वाढताना ती या पिशव्या धरत नाही, नुसते तंतू पसरवत जाते. स्लाइडवरही फक्त तंतू दिसतात, नायट्याच्या तंतूंपेक्षा कितीतरी रुंद, जवळपास पडदे नसलेले, काटकोनात फुटलेले, दुमडलेले. त्या तुकड्यात बीजाणू शोधायला गेलात तर सहसा हाती काही लागत नाही. म्हणजे रुग्ण शिंकला, खोकला, त्याच्या ताटात कुणी जेवलं, तरी समोरच्याला म्युकर होत नाही. अपघातात जखमेत माती जाऊन होणारा म्युकरही मातीतून आलेला असतो. लेकरू आजोबांच्या कुशीत खुशाल झोपवा. त्याच्या मानेवरच्या चट्ट्यामुळे आजोबांना नायटा होईल, एवढी भीती मात्र धरा.

गोंधळ वाढायला सरकारी कागदही थोडा कारण झाला. मे 2021 मध्ये केंद्रानं राज्यांना म्युकर हा 1897 च्या साथरोग कायद्याखाली नोंद करायचा आजार म्हणून जाहीर करायला सांगितलं. हेतू सरळ होता. रुग्ण किती, कुठं, औषध किती लागेल, हे कळावं. पण गावात त्याचा अर्थ "साथीचा रोग, लांब राहा" असा लागला. नोंद सक्तीची करणं आणि रोग एकाचा दुसऱ्याला होणं यांचा काही संबंध नाही.

याउलट ज्याची खरोखर साथ चालू आहे त्या नायट्याची अशी सक्तीची नोंद होत नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत तो पूर्वीसारखा राहिलेला नाही. पूर्वी मलमानं जाणारा चट्टा आता गोळ्या घेऊनही परत येतो, अख्खं घर खाजवत बसतं. यामागे ट्रायकोफायटन इंडोटिनी ही बुरशी मोठ्या प्रमाणावर आहे. तिला हे नाव 2020 मध्ये मिळालं. टर्बिनाफिन हे आपलं नेहमीचं औषध ज्या एन्झाइमवर घाव घालतं, त्याच्या जनुकात बदल झाल्यामुळे तिच्या कितीतरी वाणांवर ते औषध चालत नाही. 2023 मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनं न्यूयॉर्कमधल्या दोन बाधित बायकांची माहिती दिली, त्यातली एक अलीकडे देशाबाहेर गेलेलीच नव्हती. म्हणजे तिला तो तिथल्याच कुणाकडून आला. आणि जागतिक आरोग्य संघटनेनं 2022 मध्ये 19 धोकादायक बुरशींची यादी काढली तिच्यात म्युकरचं कूळ आहे, नायट्याचं नाही. ती यादी शरीरात आत घुसणाऱ्या बुरशींची होती, हे मान्य. पण कारखान्याच्या तळावर एका खोपीत, एकाच वाकळेखाली झोपणाऱ्या ऊसतोड कुटुंबाची रोजची झोप नायट्यानंच उडवली आहे.

 

दोन्ही आजारांत एक दुवा मात्र आहे, आणि तो स्टेरॉइडचा. जून 2020 मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीनं दाखवलं की ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड रुग्णांत डेक्सामेथासोन या स्टेरॉइडनं जीव वाचतात, ऑक्सिजन न लागणाऱ्यांत फायदा नाही. आपल्याकडे ते घरी बसलेल्या, ऑक्सिजन न लागणाऱ्या, साखर न मोजलेल्या माणसांनीही घेतलं. नायट्याचं तेच. मेडिकलवर जाऊन "ती खाजंची ट्यूब द्या" म्हटलं की मिळणाऱ्या तीन-चार औषधांच्या मिश्रणात बहुधा क्लोबेटासोलसारखं जोरदार स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आणि बुरशी निवांत वाढत राहते. आठवड्यांनी बघावं तर गोलात गोल, त्यात आणखी गोल. जांघेत हे मलम महिनोन् महिने चोळून कातडी कागदासारखी पातळ झालेली आणि जांभळट रेघा कायमच्या पडलेली पोरं मी बघतो. 2018 मध्ये अशा बऱ्याच स्टेरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विकायला बंदी झाली. चिठ्ठी कुणी मागतं का, ते तुम्हीच आपल्या चौकात बघा. माझं मत विचाराल तर या मिश्रण-ट्यूबनी मराठवाड्याचं जेवढं नुकसान केलं तेवढं त्या बुरशीनं एकटीनं केलं नसतं.

घरात नायटा असेल तर माणूस नाही, कापड वेगळं करा. पंचा, चड्डी, अंथरूण ज्याचं त्याचं. उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्याला "रोज सगळं धुवा" सांगणं सोपं आहे. निदान चड्डी-पंचा गरम पाण्यात भिजवून, उलटे करून कडक उन्हात टाका. करदोडा काढा. देवाचा दोरा असेल तर बरं होईपर्यंत देव्हाऱ्यात ठेवा, देव रागावत नाही. औषध घरातल्या सगळ्या बाधितांनी एकदम सुरू करायचं, चट्ट्याच्या कडेपासून दोन सेंटिमीटर बाहेरपर्यंत लावायचं आणि चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तोवर चालू ठेवायचं.

म्युकरसाठी माणूस वेगळा करू नका, साखर मोजा. मधुमेह आहे आणि गाल बधिर झाला किंवा डोळा सुजला तर माझ्याकडे येऊन रिपोर्टची वाट बघण्यात वेळ घालवू नका. त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे, नाहीतर सरळ छत्रपती संभाजीनगरचं सरकारी घाटी रुग्णालय, अंबाजोगाई किंवा नांदेडच्या मेडिकल कॉलेजला जा.

नायट्याच्या तपासणीला मात्र जरूर या, पण सकाळी ट्यूब लावून येऊ नका. मलमानं तंतू दिसेनासे होतात, रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि तुम्ही म्हणता लॅबवाल्याला काही कळत नाही. आणि जांघेतला ताजा चट्टा झाकून हातावरचा जुना दाखवू नका. खपली मला ताज्या चट्ट्याच्या कडेचीच लागते.