सुटलेली व हरवलेली गुरे : शोध आणि धरपकड (मराठवाडा)

दावे तोडून, कोठ्यातून (गोठ्यातून) निसटून किंवा चरताना कळपातून फुटून गेलेले जनावर शोधून परत दाव्याला बांधेपर्यंतचे काम. पिकात शिरण्याची सवयच जडलेले जनावर ते ओढाळ. वादळात, गर्दीत किंवा दावे कुजल्यामुळे एखादे वेळी सुटलेले ते चुकलेले. हा फरक शोध सुरू करण्याआधीच करावा लागतो. ओढाळ जनावर चटक लागलेल्या पिकाकडे जाते, चुकलेले घराकडे, पाण्याकडे किंवा सोबत्याकडे. बहुतेक जनावरे हरवतात ती सुटल्यामुळे नव्हे, तर सुटल्यावर मागे धावल्यामुळे. हाकलत नेलेले भेदरलेले जनावर ओळखीची शीव ओलांडते आणि मग त्याला परतीची वाट उरत नाही.

सुटण्याचे हंगाम ठरलेले आहेत. जून ते ऑक्टोबरमध्ये शिवारात सोयाबीन, कापूस, तूर उभी असते. जनावर लांब जात नाही, पण नुकसान मोठे होते. तूर डोक्याएवढी झाली किंवा शेजारी ऊस असला की आत शिरलेली म्हैससुद्धा बांधावरून दिसत नाही. तिथे डोळ्यांपेक्षा कान उपयोगी, म्हणून चरायच्या गुरांच्या गळ्यात घंटा हवी. रब्बी ज्वारी निघून सुगी संपली की रान मोकळे होते आणि जनावर कोसभर सहज जाते. एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या वादळात आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) उघड्यावर बांधलेली गुरे दावे तोडतात. श्रावण अमावास्येच्या पोळ्याला वाजंत्री आणि फटाक्यांनी बुजलेले बैल मिरवणुकीतून सुटतात.

जनावर कुठे गेले असेल, हे त्याच्या जातीवर आणि अवस्थेवर ठरते. माजावर आलेली गाय वळू असलेल्या कळपाकडे जाते. माज साधारण १२ ते १८ तास टिकतो, तोवर ती धरायला अवघड आणि त्यानंतर बरीच सोपी. गाय दर २१ दिवसांच्या आसपास माजावर येते, त्यामुळे तारीख लिहून ठेवली तर पुढच्या वेळी दावे आधीच बदलता येते. नुकतीच व्यालेली गाय वासरू झुडपात लपवते आणि स्वतः दूर चरते. तिला हुसकू नये. लांबून नजर ठेवली की ती पाजायला वासराकडे जाते आणि दोघे एकत्र सापडतात. म्हैस दुपारी डोहात किंवा पाझर तलावाच्या काठी मिळते. शेळी उंचवट्यावर चढते. मेंढी एकटी राहूच शकत नाही, जो कळप दिसेल त्यात मिसळते. म्हणून वाटेने गेलेल्या मेंढपाळांचा तळ हलण्याआधी तिथे जाऊन विचारावे. हाळी-हंडरगुळीच्या बाजारातून किंवा माळेगावच्या जत्रेतून आणलेले जनावर पहिले काही दिवस जुन्या धन्याकडे जायला बघते. ते चालवत आणले असेल तर त्याच वाटेवर शोधावे. टेम्पोतून आणलेल्याला वाट माहीत नसते, ते भरकटते. त्याच्यासाठी गावाभोवती गोल फेरी घालावी लागते.

माग काढणे हे काळ्या मातीत सोपेही आहे आणि फसवेही. ओल्या मातीत खुरांना चिखलाचे गोळे धरतात व ठसा गोल, बिनआकाराचा उमटतो. वाळल्यावर तोच ठसा महिनोन्महिने टिकतो, त्यामुळे जुन्या मागावर तास घालवला जातो. ताज्या ठशाच्या कडा धारदार असतात, आत गवताची काडी किंवा किड्याची रेघ नसते. उन्हाळ्यात भेगाळलेल्या रानात ठसा उमटतच नाही; तेव्हा पाणंदीचा फुफाटा आणि ओढ्याची वाळू तपासावी. पुढचा खूर मागच्यापेक्षा मोठा व गोलसर असतो. चालत गेलेल्या जनावराचा मागचा खूर पुढच्याच्या ठशावर किंवा अगदी जवळ पडतो. पळत गेलेल्याच्या खुराच्या दोन्ही फाकी पसरतात, टोक खोल रुतते आणि माती मागे उडते. पत्री (लोखंडी नाल) मारलेल्या बैलाचा ठसा तर वेगळाच ओळखू येतो. शेण चकचकीत ओले असेल तर जनावर जवळ आहे. उन्हात काही तासांतच त्यावर पापुद्रा धरतो. रात्री बॅटरी डोळ्यांच्या उंचीवर धरून सावकाश फिरवली की गुरांचे डोळे हिरवट-निळसर चमकतात.

धरताना माणसे कमी लागतात. चार पुरतात, दहा झाली की जनावर बुजते. कुत्री आणि पोरे दूर ठेवावीत. प्रत्येक जनावराभोवती एक अंतर असते, त्याच्या आत माणूस आला की ते हलते आणि बाहेर पडला की थांबते. या अंतराच्या कडेवर राहूनच काम करायचे. खांद्याच्या मागच्या बाजूला उभे राहिले तर जनावर पुढे चालते, खांद्याच्या पुढे गेले तर थांबते किंवा वळते. अगदी पाठीमागे त्याला दिसत नाही. तिथून गेल्यास ते दचकते किंवा लाथ झाडते. माणसांनी पंधरा-वीस पावलांवर चंद्रकोरीसारखे पांगून, जनावराकडे न धावता, ते ज्या फटीतून निसटेल ती फट आधी अडवावी. आरडाओरडा नको, रोज पाणी दाखवताना जी हाक घालतात तीच घालावी.

याहून खात्रीचा उपाय म्हणजे सोबती. जोडीचा बैल शांतपणे समोरून नेला की सुटलेला बैल बहुधा त्याच्या मागे येतो. गायीसाठी वासरू, शेळ्यांसाठी कळपातली म्होरकी शेळी. घमेल्यात मूठभर सरकी पेंड खडखडवणेही चालते, पण पोट भरलेल्या जनावरावर त्याचा असर होत नाही. अशा वेळी पाण्यावर येईपर्यंत थांबावे, तहान लागतेच.

कासरा शिंगांत टाकावा, गळ्यात नाही. गळ्यातला फास घोरायला लावतो आणि जनावर आणखी झटते. दोराचा वेढा हाताला किंवा कमरेला कधीही घालू नये, बोटे तुटतात. जवळच्या बाभळीला किंवा लिंबाला एक वेढा देऊन दोर सावकाश आवळत न्यावा. वेसणीला हिसका दिला की नाकपुडी फाटते, आणि फाटलेल्या नाकाचा बैल पुढे कधीच नीट धरता येत नाही. म्होरकी (तोंडावरून बांधायची दोरी) चढवल्यावर काही वेळ उभे राहू द्यावे, मगच चालवावे.

विहिरीत पडलेल्या जनावरासाठी पहिल्यांदा काठावरची गर्दी हटवावी, दरड ढासळते. पट्टा एक पुढच्या पायांच्या लगेच मागे छातीखालून आणि दुसरा मागच्या पायांच्या पुढे पोटाखालून, खाली बारदान घालून, दोन्ही एकाच वेळी ओढावेत. शेपूट, पाय किंवा मान यांना बांधून ओढू नये.

परत आणलेले जनावर बांधून मोकळे होणे ही मोठी चूक आहे. त्याने काय खाल्ले हे कळलेच पाहिजे. पावसाच्या ताणात खुरटलेली किंवा कोवळी ज्वारी खाल्ली असेल तर किराळ लागते : धाप, तोंडाला फेस, झटके, आणि काही मिनिटांत ते तासाभरात मृत्यू. यावर घरगुती उपाय नाही. शिरेतून द्यायचे औषध पशुवैद्यकच देऊ शकतात, म्हणून लक्षणाची वाट न पाहता १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर फोन करावा. सोयाबीनच्या किंवा ज्वारीच्या राशीवर ताव मारला असेल तर आम्लता होते. पोटभर पाणी पाजू नये आणि पेंड बंद करावी. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली असेल तर ती पोटफुगी. पशुवैद्यक येईपर्यंत जनावर चढाकडे तोंड करून उभे ठेवावे. तेल पाजायचेच झाले तर मान वर ताणू नये, ते फुप्फुसात उतरते. परक्या कळपात राहून आलेले जनावर दोन-तीन आठवडे वेगळे बांधावे. २०२२ च्या लम्पी साथीनंतर तर यात कुचराई करू नये.

जनावर सापडलेच नाही तर दवंडी, मंदिराचा भोंगा आणि शेजारगावांचे व्हॉट्सॲप गट यांबरोबर कोंडवाडा पाहावा. पीक खाताना धरलेले जनावर शेतकरी तिथे नेऊन देतो. यासाठीचा देशातला मूळ कायदा १८७१ चा असून त्यात धरलेले जनावर २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवण्याची अट आहे. मालकाला दंड आणि खुराकीचा खर्च भरून ते सोडवता येते. मुदतीत कोणी आले नाही तर लिलाव होतो. म्हणून उशीर परवडत नाही. मालकी दाखवायला बाजाराची पावती आणि कानातल्या बिल्ल्याचा १२ अंकी क्रमांक लागतो. ठिपकेदार देवणी गुरांचे काळे-पांढरे ठिपके प्रत्येक जनावरात वेगळे असल्याने दोन्ही कुशींचे फोटो पुरतात. लाल कंधारी गुरे अंगभर एकरंगी आणि उस्मानाबादी शेळी बहुधा काळी. तिथे फोटोवर भिस्त ठेवता येत नाही, बिल्ला, शिंगांची ठेवण आणि डाग यांचीच नोंद हवी. चोरीचा संशय असेल तर त्याच दिवशी पोलिसांत तक्रार द्यावी.

ओढाळ जनावरावर जुना उपाय लोढण्याचा. बाभळीचा हात-दीड हात ओंडका गळ्यात असा लटकवतात की त्याचे खालचे टोक गुडघ्याशी येईल. चालताना अडत नाही, पळताना पायांवर आपटतो. फार लांब असेल तर गुडघे सोलतात, फार आखूड असेल तर उपयोग नाही. गाभण गायीला आणि उघड्या विहिरींच्या शिवारात चरणाऱ्या गुरांना लोढणे घालू नये. त्यांच्यासाठी पुढच्या दोन पायांतला सैल पायबंदही टाळून लांब चऱ्हाटाने खुंट्याला बांधणेच बरे. सुती दावे पावसाळ्यात आतून कुजते, वरून दिसत नाही. पोळ्याला नवे घालताना जुने हाताने पिळून पाहावे, काड्यांसारखा आवाज आला तर ते कुठेही पुन्हा वापरू नये.