द होल नाइन यार्ड्स

द होल नाइन यार्ड्स : अमेरिकन इंग्रजीतील एक अनौपचारिक वाक्प्रचार. ‘सगळेच्या सगळे’, ‘काहीही हातचे न राखता’ या अर्थी तो वापरतात. शब्दशः पाहता तो ‘पुरते नऊ वार’ एवढेच सांगतो. हे वार कशाचे, याचा उलगडा त्यातून होत नाही आणि त्याच्या उगमाविषयी एवढा वाद माजला तो मुख्यतः यामुळेच. बोलण्यात तो बहुधा यादीच्या शेवटी येतो : लग्नात घोडागाडी होती, वाद्यवृंद होता, पाच मजली केक होता, ‘द होल नाइन यार्ड्स’. मराठीत अशा जागी ‘सगळे कसे साग्रसंगीत’ असे आपण म्हणू. ‘गो’ या क्रियापदाबरोबर आल्यास हाती घेतलेले काम तडीस नेणे असा त्याचा अर्थ होतो.

उगमाच्या प्रचलित कथांपैकी सर्वांत लोकप्रिय कथा दुसऱ्या महायुद्धातील आहे. लढाऊ विमानांतील मशीनगनच्या काडतुसांचा पट्टा २७ फूट, म्हणजे नऊ वार लांब असे आणि वैमानिकाने शत्रूवर तो पुरता रिकामा केला की हे शब्द वापरले जात, असे ती सांगते. ही कथा चटकन पटते. मात्र पट्ट्याची लांबी विमानागणिक बदलत असे, दारूगोळ्याची मोजदाद वारांत नव्हे तर काडतुसांच्या संख्येत होई आणि युद्धकाळातील एकाही लेखी मजकुरात हा वाक्प्रचार आढळलेला नाही. काँक्रीट वाहून नेणाऱ्या ट्रकच्या फिरत्या पिंपात नऊ घन यार्ड माल मावतो, अशी दुसरी उपपत्ती आहे; पण वाक्प्रचार रूढ झाला त्या काळातील ट्रकांची क्षमता सर्वसाधारणपणे याहून कमी होती. जहाजाच्या तीन डोलकाठ्यांवर शिडांसाठी प्रत्येकी तीन आडवे वासे असत व त्यांना इंग्रजीत ‘यार्ड’च म्हणतात, यावर तिसरी उपपत्ती उभी आहे. अमेरिकन फुटबॉलचा दाखला तर स्वतःलाच छेद देतो, कारण त्या खेळात चेंडूचा ताबा टिकवण्यासाठी दहा यार्ड पुढे जावे लागते आणि नऊ यार्ड गेलेला संघ कमीच पडतो. यांखेरीज स्कॉटिश किल्ट, पुरुषांचा सूट, प्रेताचे कफन अशा निरनिराळ्या वस्त्रांना नऊ वार कापड लागते, असेही सांगितले जाते. मराठी वाचकाला येथे नऊवारी लुगडे आठवणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या मुलखात हा प्रयोग प्रथम सापडतो, त्याचा लुगड्याशी संबंध दाखवणारा कोणताही पुरावा नाही.

या कथांपेक्षा दिनांकित मजकूर अधिक विश्वसनीय मानायला हवा. दीर्घकाळपर्यंत एलेन शेपर्ड यांच्या व्हिएतनाम युद्धावरील १९६७ च्या पुस्तकातील उल्लेख हाच सर्वांत जुना समजला जाई आणि त्यामुळे वाक्प्रचाराचे मूळ हवाई दलात असावे या समजाला बळ मिळाले. विल्यम सफायर यांनीही न्यूयॉर्क टाइम्समधील आपल्या भाषाविषयक स्तंभातून त्याचा पाठपुरावा केला होता. पुढे जुन्या वृत्तपत्रांचे संगणकीकृत संग्रह खुले झाले आणि बॉनी टेलर-ब्लेक, फ्रेड शपिरो आदी संशोधकांच्या शोधांमुळे हा काळ झपाट्याने मागे सरकला. १९५६ मध्ये केंटकी राज्याच्या शिकार व मासेमारीविषयक मासिकात तो एका स्पर्धेच्या बक्षिसांच्या संदर्भात आढळतो. त्याच राज्यातील ‘माउंट व्हर्नन सिग्नल’ या स्थानिक पत्रात मे १९१२ मध्ये रिपब्लिकन पक्षातील रूझवेल्ट-टाफ्ट भांडणावर लिहिताना, हे प्रकरण जरा तापू द्या, मग दोघेही ‘होल सिक्स यार्ड्स’ सांगून टाकतील, असे म्हटले आहे. साउथ कॅरोलायनातील स्पार्टनबर्ग येथील एका पत्रानेही १९२१ मध्ये बेसबॉलच्या सविस्तर वृत्तान्ताला हेच सहा वारांचे शीर्षक दिले. इंडियाना राज्यातील ‘मिचेल कमर्शियल’ या पत्रात मात्र १९०७ आणि १९०८ मध्येच ‘फुल नाइन यार्ड्स’ असा पाठ मिळतो. यांतील दुसरा उल्लेख विशेष बोलका आहे : मासे पकडून आलेला एक गृहस्थ आपली लांबलचक हकिगत सांगण्यासाठी गिऱ्हाईक शोधतो आहे आणि एखादा बेसावध माणूस सापडला की त्याला तो पुरते नऊ वार ऐकवील, असे बातमीदार लिहितो.

सहा आणि नऊ असे दोन्ही पाठ एकाच काळात, जवळजवळच्या राज्यांत नांदत होते, हा मुद्दा निर्णायक वाटतो. नऊ या संख्येला एखाद्या खऱ्याखुऱ्या मापाचा आधार असता तर सहाचा पाठ संभवला नसता. काडतुसांचा पट्टा, काँक्रीटचे पिंप आणि जहाजाचे वासे या तिन्ही उपपत्ती येथेच गळून पडतात. शपिरो यांचेही मत, वार कशाचे हा प्रश्न मुळातच गैरलागू आहे, असे आहे. सहाचे नऊ होणे त्यांच्या मते संख्या फुगत जाण्याच्या प्रवृत्तीत बसते. परमानंदाच्या अवस्थेला इंग्रजीत पूर्वी ‘सातवा ढग’ म्हणत, तोही पुढे ‘नववा’ झाला.

कापडाची उपपत्ती मात्र सर्वस्वी टाकाऊ म्हणता येत नाही. इंडियानातील न्यू ऑल्बनी येथील एका पत्रात १८५५ मध्ये छापलेल्या विनोदी किश्शात, तीन शर्टांपुरते कापड आणायला सांगितले असता बाईने ‘होल नाइन यार्ड्स’ एकाच शर्टात घातले, अशी तक्रार आहे. येथे शब्द वाच्यार्थानेच आले आहेत आणि हा किस्सा व १९०७ चा उल्लेख यांत अर्धशतकाहून अधिक अंतर असल्याने दोहोंचा थेट संबंध जोडणे धाडसाचे ठरेल. तरीही आरंभीच्या बऱ्याच उल्लेखांत हकिगत किंवा बातमी पुरती सांगण्याचाच भाव आहे. त्यामुळे लांबण लावून सांगितलेली गोष्ट कापडासारखी वारांवर मोजण्याच्या बोलीतील लकबीतून हा प्रयोग निघाला असावा, ही शक्यता इतरांच्या तुलनेत अधिक ग्राह्य वाटते.

ब्रिटनमध्ये याच अर्थी ‘द फुल मॉन्टी’ असे म्हणतात. त्याचा उगमही वादग्रस्त असून कोणी तो माँटेग्यू बर्टन यांच्या दुकानातील तीनकपडी सुटाशी, तर कोणी फील्ड मार्शल माँटगोमरी यांच्या भरपेट न्याहारीशी जोडतात.