झाडीपट्टीतले मुकुट, गदा आणि त्यांचं न ठरलेलं मोल

भाऊबीज आटोपली की झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यात, भंडारा-गोंदियाकडे गावोगावी मंडई (जत्रा) भरते आणि दंडार, खडी गंमत ही लोकनाट्यं रंगतात. गडचिरोली-चंद्रपूरकडे शंकरपट (बैलांची शर्यत) असला की रात्री नाटक ठरलेलंच. होळीपर्यंतच्या या हंगामानेच इथल्या सोंगाच्या सामानाला, म्हणजे नाटकातल्या मुकुट, गदा, तलवारींना जन्म दिला.

पूर्वी नाटक गावच बसवायचं. नट गावातले, तालीम देवळात, आणि तलवारी-धनुष्यं करणारा हातही गावातलाच. सुतार सावरीच्या मऊ लाकडाची गदा कोरून द्यायचा, मुकुटाचा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा. त्यावर रद्दी कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीने चिकटवायचे. थर पातळच हवा. घाईने जाड थापला की आतून ओला राहतो आणि मुकुट ऐन प्रवेशात कलतो. वाळल्यावर खडूची भुकटी डिंकात कालवून हात द्यायचा, मग रंग, शेवटी बेगड. पेट्रोमॅक्सच्या उजेडात ते बेगड असं लखलखायचं की पार मागे बसलेल्यालाही राजा कळावा. आजच्या कुठल्याही तयार मुकुटापेक्षा मला हेच काम सरस वाटतं.

पण या कामाचा भाव कधी ठरलाच नाही. पायलीभर धान्य, पानसुपारी, मंडपात पुढची जागा, एवढ्यावर भागायचं. आज विकायला बसलेल्या कारागिराची अडचण इथूनच सुरू होते, असं माझं ठाम मत आहे.

पुढे गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा (देसाईगंज) हे नाटक कंपन्यांचं केंद्र झालं. कलावंत, पडदे, वेशभूषा सगळं घेऊनच कंपनी गावात उतरू लागली. रंगभूमी त्यातून वाढली. झाडीपट्टीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री जाहीर झाली, याचा अभिमान आहेच. गावच्या कारागिराचं गिऱ्हाईक मात्र गेलं. त्यात २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शंकरपट थांबले, ते डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळेपर्यंत. मधल्या कोरोनाने नाटकंही बंद पाडली.

आता गिऱ्हाईक आहे ते तान्ह्या पोळ्याचं आणि शाळेच्या स्नेहसंमेलनाचं. लाकडी नंदी घेऊन बोजारा (खाऊ-पैसे) मागायला निघालेलं पोर राम, शिवाजी, झाशीची राणी होतं. त्याला धनुष्य हवं, ढाल हवी, तीही उद्या सकाळी. राज्याने २०१८ मध्ये थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आणली तेव्हा कागद-बांबूला दिवस येतील असं वाटलं होतं, पण त्या जागी फोमशीट आली. नागपूरच्या इतवारीतला तयार मुकुट स्वस्त पडतो. हाताच्या मुकुटाला नुसतं वाळायलाच दोन-तीन दिवस लागतात. आईबापही म्हणतात, "एका दिवसाचं काम, भाड्यानंच द्या ना भाऊ." म्हणून बरेच जण विकण्यापेक्षा भाड्यानेच देतात.

केंद्राच्या कारागिरांसाठीच्या विश्वकर्मा योजनेत (सप्टेंबर २०२३) १८ व्यवसाय आहेत. सुतार आहे, टोपल्या विणणारा आहे, बाहुल्या-खेळणी करणारा आहे. सोंगाचं सामान करणाऱ्याला यांपैकीच एखाद्या नावाखाली नोंद करावी लागते.