पर्मनंट मेकअप

पर्मनंट मेकअप म्हणजे चेहऱ्यावर सुईने रंग गोंदवून घेणं, म्हणजे मग रोज सकाळी आयब्रो, आयलायनर, लिपस्टिक लावत बसावं लागत नाही. याला कॉस्मेटिक टॅटू किंवा मायक्रोपिगमेंटेशन पण म्हणतात. साध्या टॅटूपेक्षा यात सुई कमी खोल जाते, रंग डर्मिसच्या, म्हणजे कातडीच्या आतल्या थराच्या, अगदी वरच्या भागात बसवायचा असतो आणि सगळी कारागिरी इथेच आहे, कारण त्याच्या वरची कातडी साधारण महिन्याभरात झडून नवी येते, त्यामुळे रंग वरच राहिला तर तोही झडतो आणि जास्त खोल गेला तर पसरतो, निळसर राखाडी दिसायला लागतो.

नावात पर्मनंट असलं तरी रंग बहुतेकांचा 1 ते 3 वर्षांत फिका पडतो, ऊन, तेलकट त्वचा, सुरकुत्यांसाठीची रेटिनॉलची क्रीम्स यांनी अजून लवकर. पण फिका पडणं वेगळं आणि निघून जाणं वेगळं. पुसट डाग कित्येक वर्षं राहू शकतात, म्हणून "नाही आवडलं तर जाईल आपोआप" या भरवशावर कुणीही हे करू नये.

सगळ्यात जास्त होतात त्या आयब्रो. मायक्रोब्लेडिंगमध्ये पेनसारख्या हत्याराला ओळीने बारीक सुया असतात, त्याने केसासारख्या रेघा ओढतात, दिसायला सुंदर, पण तेलकट त्वचेवर त्या रेघा एकमेकीत मिसळतात, तिथे मशीनने बारीक ठिपके देऊन केलेले पावडर ब्रो जास्त बरे टिकतात. ओठांना लिप ब्लश, पापण्यांना आयलायनर, केस विरळ झालेल्या डोक्यावर ठिपक्यांचं स्काल्प पिगमेंटेशन हे बाकीचे प्रकार.

मला यातलं सगळ्यात मोलाचं काम वाटतं ते फॅशनच्या पलीकडचं. अलोपेशियाने म्हणजे केस गळण्याच्या आजाराने किंवा केमोथेरपीनंतर ज्यांच्या भुवया परत आल्याच नाहीत, हात थरथरतात किंवा नीट दिसत नाही म्हणून ज्यांना लायनर लावता येत नाही, त्यांना याचा फार आधार होतो. स्तनाच्या कॅन्सरच्या ऑपरेशननंतर स्तनाग्र गोंदून देतात, सावल्या अशा भरतात की सपाट त्वचेवरही उठाव दिसतो.

आधी मोजमाप करून आकार आखतात, त्वचा बधिर करणारी नंबिंग क्रीम लावतात, मग रंग भरतात. पहिले काही दिवस रंग खूपच गडद दिसतो, मग खपल्या पडतात आणि सगळं गेलं की काय असं वाटतं, इथे घाबरायचं नाही, खरा रंग 4 ते 6 आठवड्यांनी कळतो आणि टचअपची दुसरी सिटिंग त्यानंतरच. खपली मात्र नखाने काढायची नाही, रंग तिच्याबरोबर निघतो.

धोके खरे आहेत. सुई निर्जंतुक नसेल तर हिपॅटायटीस बी, सी आणि एचआयव्ही पसरू शकतो, रंगाची अ‍ॅलर्जी कधी कधी वर्षांनी उठते, ओठांवर पूर्वी हर्पीसचे फोड आले असतील तर ते परत येऊ शकतात. केलॉइड म्हणजे जखमेचा फुगून वाढणारा व्रण होणाऱ्यांनी, गरोदर बायकांनी, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. अमेरिकेच्या एफडीए या अन्न आणि औषध नियंत्रण संस्थेने त्वचेत टोचण्यासाठी एकाही रंगाला मंजुरी दिलेली नाही, युरोपियन युनियनने जानेवारी 2022 पासून टॅटू आणि पर्मनंट मेकअपच्या शाईतल्या हजारो रसायनांवर निर्बंध आणलेत.

काढायचं झालं तर लेझर, तेही अनेक सिटिंग. लाल, तपकिरी रंगांत आयर्न ऑक्साइड आणि फिक्या, स्किन कलरच्या छटांत टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते लेझर पडल्यावर उलट काळं पडू शकतं, म्हणून चुकलेली आयब्रो स्किन कलरने झाकून घेतली की पुढे ती काढणं अजूनच अवघड होऊन बसतं.