४२ ने भाग जाणारे शब्द

इंग्रजीतले पाचही स्वर असलेला शब्द सांगा, हे कोडं शाळेत कुणी ना कुणी घालतंच. उत्तरही ठरलेलं: एज्युकेशन. देवनागरीत हा शब्द वाचून त्यात ‘आय’ आणि ‘ओ’ लपलेत याचा पत्ताही लागत नाही. स्पेलिंग मांडलं की मात्र पाचही सापडतात, तेही प्रत्येकी एकदाच. सबकॉन्टिनेंटल या शब्दात तर ते यू, ओ, आय, ई, ए असे बरोबर उलट्या क्रमाने येतात. आपल्या उपखंडाच्या वाट्याला आलेली ही गंमत मला फार आवडते.

पण असे शब्द शोधायचे कसे? काही अक्षरं दिली आहेत. ती सगळी पोटात घेणारे, त्याहून लांब शब्द हवेत. क्रम कुठलाही चालेल. इथे माणसाचं डोकं अडखळतं, कारण पहिल्या अक्षरावरून शब्द चटकन आठवतो, मधल्या अक्षरावरून नाही. ट्वर्स्की आणि कानेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७३ साली हेच दाखवलं. ‘के’ने सुरू होणारे शब्द जास्त की तिसरं अक्षर ‘के’ असलेले, असं विचारल्यावर बहुतेकांनी पहिले जास्त म्हटलं. खरं तर इंग्रजी मजकुरात दुसरे जास्त असतात.

संगणकाला आठवण्याचा प्रश्नच नाही. शब्दांची यादी त्याच्याकडे असतेच. प्रश्न फक्त प्रत्येक शब्द झटपट तपासण्याचा. एक सोपी चाळणी अशी. २६ दिवे ओळीने मांडलेत असं समजा. शब्दात जी अक्षरं आहेत त्यांचे दिवे लावायचे. दिलेल्या अक्षरांचे सगळे दिवे शब्दाच्या ओळीतही पेटलेले असतील, तर शब्द चाळणीतून पुढे जातो. यंत्राच्या भाषेत हे २६ बिट झाले, आणि ही तुलना एका फटक्यात होते. खोट एकच: एखादं अक्षर दोनदा हवं असेल, तर दिवा दोनदा कसा लावणार?

ती खोट भरून काढणारी युक्ती शाळेतल्या गणिताची आहे. प्रत्येक अक्षराला एक मूळ संख्या द्या. ए म्हणजे २, बी ३, सी ५, डी ७, ई ११, असं करत झेडला १०१, कारण ती सव्विसावी मूळ संख्या. मग शब्दातल्या अक्षरांच्या संख्यांचा गुणाकार करा. ‘बॅड’ म्हणजे बी, ए, डी: ३ × २ × ७ = ४२. आता ‘बॅज’, म्हणजे बिल्ला, घ्या. बी, ए, डी, जी, ई यांचा गुणाकार ७,८५४. त्याला ४२ ने भागलं तर बाकी शून्य आणि भागाकार १८७, म्हणजे ११ × १७. याचा अर्थ ‘बॅड’ची अक्षरं काढून घेतल्यावर ई आणि जी उरतात. ‘कॅबेज’चे होतात ३३,६६०. ४२ ने भागल्यावर बाकी उरते १८. त्यात डी नाही, म्हणून शब्द बाद. पण त्यात बी दोनदा आहे का? ९ ने भागा. निःशेष भाग जातो. तीनदा? २७ ने जात नाही.

स्पेलिंगचा प्रश्न भागाकाराचा झाला! हे जमतं, कारण कुठल्याही संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात. त्याची काटेकोर सिद्धता जर्मन गणितज्ञ गाउसने १८०१ मध्ये दिली, तेव्हा शब्दकोड्यांचा विचार त्याच्या मनात नसावा.

अर्थात गुणाकार भराभर फुगतो. एज्युकेशनचाच १८ हजार ५५० कोटींच्या वर जातो, आणि त्याहून बऱ्याच लांब शब्दांचा संगणक एका फटक्यात हाताळतो त्या ६४ बिटांतही मावत नाही. उपाय म्हणून सतत येणाऱ्या अक्षरांना लहान संख्या द्यायच्या: ईला २, टीला ३. कुठलं अक्षर किती वेळा येतं ही मोजदाद स्क्रॅबल या अक्षरांच्या सोंगट्या जुळवून शब्द करायच्या खेळाचा जनक आल्फ्रेड बट्स याने वर्तमानपत्रं घेऊन केली होती. महामंदीत काम गेलेला हा वास्तुविशारद. म्हणून त्या खेळाच्या १०० सोंगट्यांत ई १२ आहेत आणि क्यू, झेड एकेकच. खरं सांगायचं तर आज प्रत्येक अक्षर नुसतं मोजलं तरी संगणकाला पुरतं. मूळ संख्यांची वाट देखणी आहे, एवढंच.

मराठीत हे करायला गेलं की पहिल्याच पायरीवर ठेच लागते. अक्षर म्हणायचं कशाला? ‘शिक्षण’ हा शब्द शब्दकोड्यात तीन चौकोन घेतो: शि, क्ष, ण. संगणक मात्र युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, सहा चिन्हं साठवतो: श, वेलांटी, क, हलन्त, ष, ण. मूळ संख्या चौकोनांना दिल्या तर ‘शिक्षण’मध्ये ‘क्षण’ सापडतो. चिन्हांना दिल्या तर ‘क्षण’ तर सापडतोच, शिवाय ‘कण’ आणि ‘शक’ही सापडतात. शब्दकोडं सोडवणारी कुठलीही आजी ते दोन्ही मान्य करणार नाही.