तळाची वाळू वर कशी टिकते?

शांत पाण्यात टाकलेली वाळू तळाला बसते, हे आपण शाळेतच पाहिलेले असते. त्यामुळे कालव्यातली वाळूही तळावरून घरंगळतच पुढे जात असावी, असा समज सर्रास आढळतो. जाड वाळूपुरता तो बराचसा खरा आहे. मात्र ०.१ मिलिमीटर व्यासाचा कण शांत पाण्यात सेकंदाला सुमारे ८ मिलिमीटर खाली जातो. त्या हिशेबाने, एक मीटर खोल कालव्यात पाणी सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहत असेल, तर पृष्ठभागावरचा कण साठ-पासष्ट मीटरांतच तळाला लागायला हवा. प्रत्यक्षात अशी वाळू कित्येक किलोमीटर पाण्यातून वाहत जाते.

तिला वर ठेवतात ते तळाच्या घर्षणातून उठणारे भोवरे. येथे एक शंका रास्त आहे: भोवऱ्यांबरोबर जेवढे पाणी वर चढते तेवढेच खाली उतरते, मग वाळूची चढती बाजू जड कशी होते? कारण असे, की वर चढणारे पाणी तळाजवळची दाट वाळू घेऊन येते आणि खाली उतरणारे पाणी विरळ वाळू घेऊन जाते. पाण्याची देवाणघेवाण समसमान असते, वाळूची नसते. हा फरक कणांच्या सततच्या खाली बसण्याची भरपाई करतो. वाळू तळाशी दाट असते म्हणूनच ती वर टिकू शकते, आणि मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

१९३७ मध्ये अमेरिकी जलशास्त्रज्ञ हंटर राउस यांनी हा तोल गणितात मांडला. तळाच्या घर्षणाचा जोर वेगाच्या रूपात सांगणाऱ्या राशीला घर्षणवेग म्हणतात; कणाचा बसण्याचा वेग भागिले या घर्षणवेगाची ०.४ पट, हे गुणोत्तर अडीचच्या वर गेले की कण तळ सोडून फारसा वर येत नाही. एक मीटर खोलीच्या आणि पाच हजारांत एक उताराच्या कालव्यात घर्षणवेग सेकंदाला साधारण ४.४ सेंटिमीटर येतो. म्हणून तेथे ०.१ मिलिमीटरचा कण सहज तरंगत जातो, तर अर्ध्या मिलिमीटरचा तळाशीच राहतो.

त्यापूर्वी, १८९५ मध्ये, केनेडी या अभियंत्याने पंजाबातल्या अप्पर बारी दोआब कालव्याच्या निरीक्षणांवरून गाळ बसणार नाही आणि तळही खरवडणार नाही असा वेग खोलीवरून काढण्याचे सूत्र दिले होते. एक मीटर खोलीला तो सेकंदाला ०.५५ मीटर येतो. म्हणूनच केवळ रुंदीकरणाने गाळाचा प्रश्न कायमचा सुटतो, ही जाहिरातबाजी फसवी आहे. तेवढेच पाणी रुंद पात्रात संथ होते, भोवरे मंदावतात आणि वाळू पुन्हा बसते.

वाळू तळाशी दाट असते, याच कारणाने कालव्याच्या मुखाशी उंबरठा नदीच्या तळापेक्षा उंच ठेवतात, म्हणजे तळाजवळचे दाट वाळूचे पाणी नदीतच राहते आणि वरचे, तुलनेने निवळ पाणी कालव्यात उतरते.